प्लग बसला, पण वीज जुळली का? परदेशातला वीजपुरवठा समजून घेण्याची रीत

प्लग सॉकेटमध्ये बसला म्हणजे वीज जुळली, असं नाही. परदेशात उपकरणं जळतात ती बरेचदा याच समजुतीपायी. ब्राझील घ्या. तिथे देशभरासाठी एकाच आकाराचं तीन भोकांचं सॉकेट ठरलेलं आहे, पण रिओ दि जानेरोत त्यातून १२७ व्होल्ट येतात आणि राजधानी ब्राझिलियात २२०. भिंतीवरचं प्लास्टिक तेच, आतली वीज पावणेदोन पट. फिलिपिन्समध्ये अमेरिकी धाटणीची दोन चपट्या भोकांची सॉकेट दिसतात. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर त्यात अगदी सहज बसतो आणि त्याला मिळतात २२०-२३० व्होल्ट. पुढे काय होतं ते खाली हिशेबाने दाखवतो.

म्हणून पहिल्यापासून चार प्रश्न वेगवेगळे ठेवा: व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी (विजेची लाट सेकंदाला किती वेळा वर-खाली होते, हर्ट्झमध्ये) किती, सॉकेट कोणतं आणि अर्थिंग आहे का. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

पायरी १: आधी आपल्या वस्तूंची लेबलं वाचा

लोक सुरुवात देशापासून करतात. मी उलटं सांगेन. जे सोबत न्यायचं आहे ते सगळं पलंगावर मांडा, एकेक वस्तू उलटी करा आणि बारीक अक्षरातलं लेबल वाचा. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. हे पंधरा मिनिटांचं काम निम्म्या शंका तिथेच मिटवतं.

लॅपटॉपच्या चार्जरवर साधारण असं लिहिलेलं असतं: ‘इनपुट १००-२४० व्होल्ट ~, ५०/६० हर्ट्झ, १.५ अँपिअर’. त्यातली नागमोडी रेघ म्हणजे एसी, भिंतीतून येणारी वीज. १०० आणि २४०च्या मधली आडवी रेघ महत्त्वाची. ती सांगते की या दोन टोकांच्या मधलं कोणतंही व्होल्टेज या चार्जरला चालतं. जपानचे १०० असोत की ब्रिटनचे २३०, तो आपलाआपण जुळवून घेतो. ५०/६० म्हणजे दोन्ही फ्रिक्वेन्सी चालतात. १.५ अँपिअर हा सगळ्यात वाईट परिस्थितीतला, म्हणजे कमीत कमी व्होल्टेजवरचा करंट असतो. खालची ‘आउटपुट’ची ओळ लॅपटॉपकडे जाणाऱ्या डीसी विजेची असते. देशाशी तिचा संबंध नाही, तिच्याकडे पाहून गोंधळू नका.

आता पाणी तापवायची केटल उलटी करा. तिथे दिसेल: ‘२२०-२४० व्होल्ट ~, ५०/६० हर्ट्झ, १८५०-२२०० वॅट’. वॅटचे दोन आकडे कशाला? आतली तापणारी कॉइल एकच आहे. तिला २२० व्होल्ट दिले तर ती १८५० वॅट खेचते, २४० दिले तर २२००. व्होल्टेज जेमतेम ९ टक्क्यांनी वाढलं आणि वॅट वाढले १९ टक्क्यांनी. कारण तापणाऱ्या कॉइलमध्ये वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढे ते सारखं लागणार आहे.

आडव्या रेघेऐवजी तिरकी रेघ असेल, म्हणजे ‘११०/२२० व्होल्ट’, तर थांबा. अशा उपकरणावर बहुधा कुठेतरी छोटा स्विच असतो, नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा. तो योग्य जागी नसेल तर लेबलवर दोन्ही आकडे असूनही उपकरण जळेल. प्रवासी हेअर ड्रायर आणि काही जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायमध्ये हे हमखास सापडतं.

आणखी एक खूण शोधा: एका चौकोनात दुसरा चौकोन. याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. ही खूण नसेल आणि वायरीला तिसरी पिन असेल, तर त्या उपकरणाला अर्थिंग हवंच. इस्त्री, केटल, मायक्रोवेव्ह बहुधा या दुसऱ्या गटातले.

पायरी २: देशाचे आकडे मिळवा, आणि ते देशाचेच आहेत की शहराचे हे तपासा

जगाची ढोबळ विभागणी दोन घरांत होते. उत्तर अमेरिका, मध्य अमेरिकेचा बराचसा भाग, तैवान आणि जपान १०० ते १२७ व्होल्टच्या घरात. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि उरलेला बहुतेक आशिया २२० ते २४०च्या घरात. पहिल्या घरातले देश बहुधा ६० हर्ट्झवर, दुसऱ्यातले ५०वर. पण ‘बहुधा’ हा शब्द जपून वापरायचा. दक्षिण कोरिया २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. फिलिपिन्स तसंच. सौदी अरेबियाही ६० हर्ट्झवर. जपान १०० व्होल्ट, आणि फ्रिक्वेन्सी म्हणाल तर अर्धा देश एका तऱ्हेचा, अर्धा दुसऱ्या.

हे असं का झालं, याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. एडिसनच्या दिव्यांसाठी ११० व्होल्टच्या आसपासची वीज अमेरिकेत रुजली आणि तिच्याभोवती सगळी उपकरणं उभी राहिली. युरोपात विजेचं जाळं पसरत होतं तेव्हा व्होल्टेज दुप्पट केलं तर तेवढ्याच वॅटसाठी करंट निम्मा लागतो आणि तारांमधली गळती चौथाईवर येते, हा हिशेब लोकांच्या पचनी पडला होता. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ च्या सुमारास २२० व्होल्टची वाट धरली आणि इतर शहरं मागोमाग गेली. अमेरिकेत तोवर घराघरात दिवे लागले होते, बदलणं महाग होतं. दक्षिण कोरियाने मात्र नंतर हे धाडस केलं: १९७३ ला सुरू झालेला ११० वरून २२० वर जाण्याचा प्रवास २००५ मध्ये संपला. तीस वर्षांहून अधिक.

आता आकड्यांतली खरी मेख. ‘२३० व्होल्ट’ हा नावाचा आकडा आहे, भिंतीतला नव्हे. युरोपात पूर्वी मुख्य भूमीवर २२० होते, ब्रिटनमध्ये २४०. सगळ्यांनी मिळून २३० ठरवलं. म्हणून काही ब्रिटनमधले ट्रान्सफॉर्मर एका रात्रीत बदलले नाहीत. १९९५ पासून तिथे २३० व्होल्ट, अधिक १० टक्के, उणे ६ टक्के, अशी मर्यादा धरली गेली. म्हणजे २१६ ते २५३ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी पुरवठा नियमातच. आधीचे २४० त्यात आरामात बसले, कागदावरचं नाव तेवढं बदललं. ब्रिटनमधल्या घरात मीटर लावून २४२ व्होल्ट दिसले तर तक्रार करायला धावू नका, ते नेहमीचंच आहे. अमेरिकेत घरच्या पुरवठ्याची नेहमीची मर्यादा १२० व्होल्टच्या अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे ११४ ते १२६.

म्हणून उपकरणावर २२०, २३० किंवा २४० यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी ते एकाच घरातलं समजायचं. ११०, ११५, १२० हेही तसंच. जपानचे १०० आणि अमेरिकेचे १२० मात्र एक नव्हेत. दोन्हीकडे दोन चपट्या पिनांचा प्लग, त्यामुळे माणूस फसतो. फक्त १०० व्होल्टसाठी बनवलेला जपानी हीटर अमेरिकेत लावला तर १.२ चा वर्ग, म्हणजे १.४४, तो ४४ टक्के जास्त तापेल.

आकडे शोधायचे कुठे? आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या संकेतस्थळावर देशवार व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि सॉकेटच्या प्रकारांची यादी आहे. तिथून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. जिथे राहणार त्या घराच्या मालकाला एक साधा निरोप पाठवा: ‘घरातल्या केटलच्या किंवा मायक्रोवेव्हच्या लेबलचा आणि भिंतीवरच्या सॉकेटचा फोटो पाठवाल का?’ तिथे रोज चालणाऱ्या केटलवर जे लिहिलंय तेच त्या घराचं व्होल्टेज. ‘तुमच्याकडे किती व्होल्ट?’ असं विचारलं तर माणूस ऐकीव आकडा सांगतो. लेबल ऐकीव सांगत नाही. ब्राझीलसारख्या देशात तर हा फोटो मागितल्यावाचून निघूच नका.

पायरी ३: वस्तूंचे तीन ढीग करा

लेबल ‘१००-२४०’ वाली सगळी बाजूला ठेवा: फोन, लॅपटॉप, कॅमेरा, इलेक्ट्रिक रेझर यांचे चार्जर. त्यांना फक्त प्लगचा आकार जुळवणारा अॅडॅप्टर लागेल. उरलेल्यांचे दोन ढीग करा: तापणाऱ्या वस्तू आणि फिरणाऱ्या वस्तू.

तापणाऱ्यांचं गणित वर्गाचं, हे आपण पाहिलं. २३० व्होल्टला २००० वॅटची केटल १२० व्होल्टवर लावली तर वॅट उरतात सुमारे ५४५. जपानच्या १०० व्होल्टवर जेमतेम ३८०. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला २००० वॅटवर पावणेतीन मिनिटं पुरतात. ३८० वॅटवर पंधरा मिनिटांजवळ, तेही बाहेर उष्णता अजिबात जात नाही असं धरून. प्रत्यक्षात केटल बाजूंनी थंड होत राहते आणि त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्रासदायक, पण धोक्याचं नाही.

उलट दिशा धोक्याची. १२० व्होल्टला १५०० वॅटचा हेअर ड्रायर २३० व्होल्टवर लावला तर (२३० ÷ १२०) चा वर्ग, म्हणजे ३.६७ पट. ५५०० वॅट! तेवढी उष्णता ना त्याच्या कॉइलला झेपते, ना प्लास्टिकला, ना वायरीला. एमसीबी किंवा फ्यूज आधी तुटला तर नशीब. फिलिपिन्सच्या त्या सॉकेटमध्ये हेच होतं. साधा नियम: जास्त व्होल्टेजची वस्तू कमी व्होल्टेजवर रडते, कमी व्होल्टेजची वस्तू जास्त व्होल्टेजवर जळते.

फिरणाऱ्या वस्तूंमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर यांत बहुधा कार्बन ब्रश असलेली मोटर असते. जोरात घरघरते, फिरताना आत ठिणग्या दिसतात, ती हीच. तिला फ्रिक्वेन्सीचं फारसं वावडं नाही. व्होल्टेज मात्र नीट हवं. पंखा, फ्रिज, जुनी वॉशिंग मशिन यांतली शांत मोटर इंडक्शन जातीची. ती व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीलाही बांधलेली असते. कमी व्होल्टेजवर ती नीट सुरूच होत नाही, गुणगुणत उभी राहते आणि उभ्या उभ्या तापते. तापणारी केटल कमी व्होल्टेजवर नुसती रडते असं म्हटलं, ही मात्र रडता रडता जळू शकते.

पायरी ४: फ्रिक्वेन्सी कुणाला लागते, कुणाला नाही

कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो. म्हणून ५० आणि ६० चा फरक ज्या वस्तूला सोसत नाही, तिला घरगुती उपाय नाही. ती घरीच ठेवायची.

चार्जरांना फरक पडत नाही. केटल-इस्त्रीलाही नाही. इंडक्शन मोटर ५० वरून ६० वर गेली की सुमारे २० टक्के जोरात फिरते. भिंतीतल्या विजेच्या तालावर चालणारं टेबलावरचं जुनं घड्याळ तर सरळ वेळच चुकवतं. ६० हर्ट्झचं घड्याळ ५० वर दर तासाला फक्त ५० मिनिटं पुढे सरकतं. अशी घड्याळं किती हळवी असतात याचा दाखला युरोपाने २०१८ मध्ये पाहिला. कोसोव्हो आणि सर्बिया यांच्यातल्या वादामुळे जाळ्यात विजेची तूट पडली, सरासरी फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झच्या आसपास राहिली आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत युरोपातल्या मुख्य भूमीवरची ओव्हनची, रेडिओची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली.

जड ट्रान्सफॉर्मरवाल्या वस्तूंना, म्हणजे जुन्या ढंगाचे मायक्रोवेव्ह आणि अॅम्प्लिफायर, उलट बाजूचा त्रास होतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या लोखंडात २० टक्के जास्त चुंबकत्व भरतं. तो गुणगुणतो, तापतो, लवकर मरतो. ५० चा ६० वर नेला तर सहसा निभावतो. लेबलवर फक्त ‘६० हर्ट्झ’ असेल आणि जाणार ५० च्या देशात, तर ती वस्तू मायक्रोवेव्ह असो वा फ्रिज, नेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

जपानमध्ये जाणाऱ्यांसाठी वेगळा शब्द. १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकी घेतली, ६० ची. सव्वाशे वर्षं उलटली तरी फुजी नदी आणि इतोइगावा यांच्या आसपासची रेषा देशाचे दोन भाग करते. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तितकी पाठवता आली नाही. फ्रिक्वेन्सी बदलणारी केंद्रं होती, पण त्यांची क्षमता हजार-बाराशे मेगावॅटच्या आसपास. प्रवाशाला याचा जाच नाही, टोकियोहून ओसाकाला घर हलवणाऱ्याला असतो. तिथे घेतलेल्या मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशिनवर ५०, ६० की दोन्ही, हे पाहूनच हलवायचं.

पायरी ५: ट्रान्सफॉर्मर घ्यायचा का? आणि कोणता?

इथे तीन शब्दांची सरमिसळ होते, ती आधी सोडवू. अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेला हात लावत नाही. ट्रान्सफॉर्मर लोखंड-तांब्याचा जड ठोकळा असतो, व्होल्टेज नीट, गुळगुळीत लाटेसकट बदलतो. तिसरा हलका ‘इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर’, मुठीएवढा असून १५००-२००० वॅट सांगणारा. तो २३० च्या लाटेचे लचके तोडून १२० च्या आसपासचा परिणाम साधतो. इस्त्री किंवा ड्रायरसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूला ते चालतं. चार्जर, टीव्ही, मोटर, वैद्यकीय उपकरण त्यावर कधीच लावू नका.

ट्रान्सफॉर्मरचं माप व्होल्ट-अँपिअरमध्ये असतं. उपकरणाच्या वॅटच्या किमान दीडपट घ्या. मोटर असेल तर दुप्पट-तिप्पट, कारण सुरू होण्याच्या क्षणी ती कित्येक पट करंट खेचते. ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे सामानात काही किलोंचं लोखंड. त्यात आणखी एक अडचण, जी दुकानात कुणी सांगत नाही: भिंतीतलं सॉकेटच पुरलं पाहिजे. अमेरिकेतलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं. १२० गुणिले १५, म्हणजे कमाल १८०० वॅट, आणि सतत चालणाऱ्या वस्तूसाठी याच्या ८० टक्के धरतात, म्हणजे १४४०. तुमची २००० वॅटची केटल ट्रान्सफॉर्मर लावूनही तिथे १६-१७ अँपिअर मागेल आणि एमसीबी ट्रिप होऊ शकेल. जपानमध्ये तर १५०० वॅटपाशीच गाडी अडते.

एकंदरीत ट्रान्सफॉर्मर त्याच वस्तूसाठी घ्या जिला पर्यायच नाही. केटल, ड्रायर, इस्त्री या वस्तू तिथे पोचल्यावर तिथल्या घ्याव्यात. वैद्यकीय उपकरणाचं लेबल १००-२४० चं नसेल तर निघण्याआधी ते बनवणाऱ्यांनाच विचारा, अंदाजावर सोडू नका.

पायरी ६: अॅडॅप्टर, म्हणजे पिनांचा मामला

सॉकेटच्या प्रकारांना ए पासून पुढे अक्षरं दिलेली आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही. ए आणि बी अमेरिकी चपट्या पिनांचे, बी ला अर्थिंगची गोल पिन जास्त. सी हा युरोपचा दोन गोल पिनांचा. ई आणि एफ त्याचेच अर्थिंगवाले भाऊ, आणि आज मिळणारे बरेच युरोपीय प्लग दोन्हींत बसतील असे बनवलेले असतात. जी ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, आखातातही दिसणारा. आय ऑस्ट्रेलियाचा तिरप्या पिनांचा. डी आणि एम भारत व दक्षिण आफ्रिकेत परिचित असलेले तीन जाड गोल पिनांचे. स्वित्झर्लंड, इटली, डेन्मार्क, इस्रायल यांनी आपापली वेगळी चूल मांडलेली आहे.

पिन जाते, म्हणजे बसते असं नाही. युरोपच्या चपट्या अंगाच्या दोन-पिनी प्लगच्या पिना ४ मिलिमीटरच्या असतात. डी सॉकेटची भोकं सुमारे ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी. प्लग आत जातो, फोनही चार्ज होतो, पण पकड सैल राहते. त्यावर काही जड चालवलं तर आत बारीक ठिणग्या पडतात आणि तासाभराने सॉकेटला हात लावला तर गरम लागतं. जळका वास येईपर्यंत थांबू नका. तसा तो प्लग मुळात अडीच अँपिअरपुरताच आहे.

ब्रिटनच्या सॉकेटमध्ये भोकांना झडप असते, वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की उघडते. काही बहाद्दर तिथे पेनाचं टोपण खुपसून झडप उघडतात आणि दोन-पिनी प्लग बसवतात. अर्थिंग नाही, पकड सैल, आणि ब्रिटिश प्लगमध्ये जो छोटा फ्यूज असतो तोही वगळला जातो. तिथलं वायरिंग बरेचदा ३२ अँपिअरच्या एकाच मोठ्या सर्किटवर असतं, म्हणून प्रत्येक प्लगमध्ये आपला फ्यूज ठेवतात. तुमच्या बारीक वायरीसाठी ३२ चा एमसीबी कधीच वेळेवर तुटणार नाही. अॅडॅप्टर घ्याल तो फ्यूजवाला घ्या.

‘सगळ्या जगात चालणारा’ म्हणून मिळतो तो सरकत्या पिनांचा चौकोनी अॅडॅप्टर ठीक आहे, पण त्यातल्या बऱ्याच जणांत अर्थिंगची जोडणीच नसते. तिसरी पिन असली तरी ती प्लास्टिकची, नुसती झडप उघडायला. ती धातूची आहे का आणि वरच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पट्टी दिसते का, हे पाहून घ्या.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल मी स्वतः धडा घेतलेला आहे. १२० व्होल्टच्या देशातला, लाट-संरक्षण (व्होल्टेज अचानक उसळलं तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला सुंदर सहा-सॉकेटी बोर्ड मी २३० च्या भिंतीत लावला. विचार असा की बोर्ड म्हणजे नुसत्या पट्ट्या, त्याला काय व्होल्टेज! फट्‌ असा आवाज, राखाडी धुराची एक रेघ, आणि घरभर अंधार. त्यात व्हॅरिस्टर नावाचा एक भाग असतो, व्होल्टेज ठराविक रेषेपलीकडे गेलं की ते स्वतःवर घेणारा. २३० व्होल्ट त्याच्या लेखी अखंड चाललेली आपत्ती होती. त्याने आपलं काम चोख केलं, चूक माझी. बोर्डही लेबल वाचूनच न्या.

पायरी ७: अर्थिंग, आणि लॅपटॉपच्या झिणझिण्या

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यावर मनगट हळूच फिरवलं की कधी कधी पृष्ठभाग खरखरीत लागतो, मुंग्या आल्यासारखं वाटतं. प्लग काढला की थांबतं. चार्जरमध्ये विजेतला खरखराट गाळायला भिंतीची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यात एक छोटा कपॅसिटर असतो. तिसरी पिन नसली की त्यातून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट उरत नाही आणि लॅपटॉपचं अंग भिंतीच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट मिलिअँपिअरच्या अंशाएवढा, इजा करत नाही. तीन-पिनी वायर आणि अर्थिंगवाला अॅडॅप्टर लावला की झिणझिण्या जातात. १२० च्या देशात त्या जाणवत नव्हत्या आणि २३० च्या देशात जाणवू लागल्या, यात नवल नाही.

पण हाच अनुभव इस्त्री, केटल किंवा फ्रिजला आला तर वेगळी गोष्ट. तिथे चौकोनात चौकोन नाही, अंगाला अर्थिंग हवं होतं आणि ते पोचत नाहीये. आतली एक तार सुटली तर पूर्ण व्होल्टेज अंगावर येईल. तिथे प्लग काढा आणि घरमालकाला कळवा.

पायरी ८: घरात पोचल्यावर पहिल्या दिवशी

एमसीबीचा बोर्ड कुठे आहे ते उजेडात पाहून ठेवा. त्यात बहुधा ‘टेस्ट’चं बटण असलेला एक रुंद स्विच असतो, गळती झाली की वीज तोडणारा. घरमालकाच्या परवानगीने ते बटण एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. युरोपात माणसाच्या रक्षणासाठी तो बहुधा ३० मिलिअँपिअरवर तुटणारा असतो. अमेरिकेत हेच काम न्हाणीघर-स्वयंपाकघरातली ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ बटणं असलेली सॉकेट करतात, ५ मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणून तिथलं सॉकेट ‘मेलं’ वाटलं तर आधी रीसेट दाबून पाहा. कधी कधी ते बटण दुसऱ्याच खोलीतल्या सॉकेटवर असतं.

ब्रिटनच्या न्हाणीघरात दोन छोट्या भोकांचं ११५/२३० लिहिलेलं सॉकेट दिसेल. ते रेझरसाठी आहे, आत एक इवला ट्रान्सफॉर्मर असतो. ड्रायर त्याला झेपत नाही.

आपला निऑनचा टेस्टर घेऊन ‘उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल’ असं समजू नका. जर्मनीसारख्या देशात प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, फेज कुठेही असू शकते. नॉर्वेतल्या बऱ्याच जुन्या वस्त्यांत तर न्यूट्रल नसतोच, २३० व्होल्ट दोन फेजमधले असतात आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. बिघाड नव्हे तो. फक्त एका तारेचा स्विच बंद करून दिव्याच्या होल्डरला हात लावायची सवय तिथे जिवावर बेतेल. बोर्डावरूनच बंद करा.

वायरी उघड्या दिसल्या तर रंगावरून निष्कर्ष काढायचा मोह टाळा. आज युरोपात तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. अमेरिकेत काळा फेज, पांढरा न्यूट्रल. ब्रिटनच्या जुन्या घरांत लाल फेज आणि काळा न्यूट्रल. म्हणजे तोच काळा रंग एका देशात झटका देतो, दुसऱ्यात देत नाही. तिथे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. बऱ्याच देशांत भाडेकरूने वायरिंगला हात लावणं नियमात बसत नाही.

परतताना हीच यादी उलटी चालवायची. १२० व्होल्टच्या देशात हौसेने घेतलेली वस्तू २३० च्या देशात नेताना जळण्याची दिशा आपल्याकडे वळलेली असते. खोकं बांधायच्या आधी ती वस्तू पलंगावर उलटी करा आणि आकड्यांमध्ये आडवी रेघ आहे का ते पाहा.